होळीपर्यंतची तेजी

तेजी लावणं म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कळलं. आणि नीट कळलं ते, लावलेल्या तेजीतून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न घरात आला तेव्हा.

माझं माहेर जानेफळचं, घाटावरचं. वडील वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं लावायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. टोपलीत माल असेल तर त्याचा भाव. टोपलीत नसलेल्या मालाचाही सौदा होतो, हे आमच्या घरात कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. मला दिलं घाटाखाली, मोताळ्याला. थोरली बहीण आधीच तिथं नांदत होती आणि तिनंच माझं स्थळ जुळवलं. तिच्या घरापासून माझं घर दोन गल्ल्यांवर. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. जुनी माणसं कचेरीच्या कामाला अजून नागपूरचंच नाव घेत.

माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, बाजाररस्त्यावर सरकी-ढेपेचं दुकान होतं. आसपासच्या गावांतले लोक गाई-म्हशींसाठी तिथून सरकी नेत. भाऊजी, म्हणजे ताईचे मालक, भाजीपाल्याचे. त्यांच्या विहिरीला बारमाही पाणी होतं. एक दिवसाआड ते एसटीच्या टपावर टोपल्या टाकून मलकापूरला जात आणि संध्याकाळपर्यंत परत येत. मलकापूरचा भाव, मलकापूरची बातमी, आमच्या दोन्ही घरांत त्यांच्याच तोंडून यायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर तेजीची कल्पना त्यांनीच काढली. मलकापुरात एका दलालाच्या बैठकीत सरकीची तेजी-मंदी चालायची. आज थोडा नजराणा द्यायचा आणि होळीच्या पुनवेपर्यंत आज ठरलेल्या भावानं सरकी घ्यायचा हक्क मिळवायचा. भाव चढला तर मधला फरक आपला. पडला तर नजराणा बुडाला, पण त्याहून जास्त काही जात नाही. नजराणा देणाऱ्यानं तेजी लावली म्हणायचं आणि घेणाऱ्यानं तेजी खाल्ली म्हणायचं. हा धंदा कायद्यात बसत नव्हता. त्यामुळे कागद नाही, सही नाही, सगळं शब्दावर.

मी मालकांना एवढंच विचारलं, "कागद नाई, तं उद्या त्यानं हात वर केले म्हंजे?"

"साडभाऊ हायेत ना मधात," ते म्हणाले.

दोघांनी निम्मा-निम्मा नजराणा घातला. सौदा मात्र एकच, आणि तो बोलले भाऊजी. मालकांनी त्या दलालाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

संक्रांतीपर्यंत भाव चांगलाच चढला. मलकापूरच्या दर खेपेला मालक संध्याकाळी भाऊजींची वाट पाहायला लागले. एसटी आली की दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. भाऊजी टोपल्या उतरवता उतरवता भाव सांगायचे, मालक मनात हिशेब करायचे आणि त्या दिवशी घरात बोलणं जरा मोकळं व्हायचं. मालकांना पहिल्यापासून वाटत होतं की मिळालं तेवढं पुरे, आता सौदा बराबर करून, म्हणजे फरक हातात घेऊन, मोकळं व्हावं. त्यांनी तसं सांगितलंही.

भाऊजी म्हणाले, "आता कायले घाई? अजून चढून राह्यला."

पुढच्या खेपेला ते म्हणाले, "होळीलेही फरक घ्याचा नाई. तोच नजराणा म्हणून ठेवाचा अन् अखजीचा वायदा धराचा."

याला ते पुढं ओढणं म्हणत. हातात काही न येता सौदा होळीवरून अखजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, जायचा. फक्त घ्यायचा भाव नवा, आधीपेक्षा वरचा.

"अर्धं तरी मोकळं करा," मालक म्हणाले.

"अर्धं नाई होत. सौदा एक हाय."

मी आत भाकरी करत होते. माझा हात थांबला तो तिथं. भाऊजी भाजीवाले. संध्याकाळी उरलेली मेथी उद्यावर ठेवण्यापेक्षा मिळेल त्या भावात देऊन टाकणारा माणूस. सुकण्याची भीती त्यांच्या अंगातच होती. तो माणूस सांगत होता, थांबा, अजून थांबा, अखजीपर्यंत थांबा. मला ते त्यांचं बोलणं वाटेना. कुणीतरी शिकवलेलं वाटलं.

मालकांना मी काही बोलले नाही. साडूसाडूंचा विषय, आणि माझं लग्न होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नसेल. पण संशयाचं असं आहे की तो बसायला जागा मागत नाही. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायला लागले. एकदा मलकापूरकडचा एक गाडीवान ढेप टाकायला आला. मालकांनी सहज विचारलं, तिकडे सरकी काय म्हणते. त्यानं जो भाव सांगितला तो भाऊजींनी आदल्या दिवशी सांगितलेल्या भावापेक्षा बराच वर होता. मालक म्हणाले, एकेकाचा माल वेगळा असतो. मीही मान हलवली. पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक गाडीवानाला मालक भाव विचारत राहिले, आणि प्रत्येकाचा भाव भाऊजींच्या भावापेक्षा जास्तच निघाला.

संक्रांतीचं हळदीकुंकू ताईकडे होतं. मी लवकर गेले, हाताशी मदत व्हावी म्हणून. ती स्वयंपाकघरात तिळाचं वाटण करत होती. मी ताटल्या आणायला आतल्या खोलीत गेले तर कोपऱ्यात काहीतरी उंच, चादरीनं झाकलेलं. चादर खाली एका बाजूनं वर सरकली होती. शिलाईच्या मशीनचं लोखंडी पायडल दिसत होतं. मी चादर उचलली. मशीनला तिच्या मापानं शिवलेला अभ्रा होता, पांढरा, त्यावर हिरव्या दोऱ्यानं दोन पोपट काढलेले, चोचीला चोच लावून.

"ताई, मशीन घेतली का वं?"

ती दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी चादर नीट केली आणि मग बोलली. "शेजारनीची हाय. तिच्याकडं पाव्हणे आले, जागा नाई म्हणून ठेवली."

शेजारीण त्या दिवशी हळदीकुंकवाला आली होती. मी तिला मशीनचं काही विचारलं नाही. पण तिचं घर मला ठाऊक होतं. दोन खोल्या, नवरा-बायको, आणि पाहुणा एकही नाही.

घरी येताना वाटेत माझ्या मनात गणित जुळून गेलं. भाऊजींनी सौदा कधीच बराबर केला असेल. फरक घेतला असेल. त्यातून मशीन आली. आणि आमच्या निम्म्यासाठी मात्र ते अखजीपर्यंत थांबा म्हणत राहतील. त्या रात्री मी मालकांना सगळं सांगितलं.

"तुई बहीण हाय," ते म्हणाले.

"हाव. म्हणूनच सांगून राह्यले."

आम्ही ठरवलं की दलालाकडे आपण स्वतः जायचं, आणि भाऊजींना कळू द्यायचं नाही. ज्या दिवशी भाऊजी मलकापूरला जात नाहीत तो दिवस धरला. दोघांनी मिळून मलकापूरला जायला काहीतरी कारण हवं, म्हणून मी आदल्या दिवशी ताईला सांगितलं की दाढ दुखते, डॉक्टरला दाखवायला जाणार. तिनं पदराच्या गाठीतून किल्ली काढून कपाट उघडलं आणि चार लवंगा कागदात बांधून दिल्या. दाढेखाली धर म्हणाली.

दलालाची बैठक त्याच्या घराच्या पुढच्या खोलीतच होती. पांढरी गादी, लोड, कोपऱ्यात टेलिफोन, आणि सात-आठ माणसं मांडी घालून बसलेली. दलाल गोरा, गोल चेहऱ्याचा, बोलायला फार गोड. मालकांनी साडभाऊंचं नाव सांगताच तो अर्धा उठला. "या, या शेठ, बसा. तुमचे भाऊ म्हंजे आमचा घरचा मानूस." मला बैठकीत बसता येणार नव्हतं. त्यानं आतल्या दाराकडे पाहून हाक दिली आणि मी मागच्या घरात गेले.

त्याची बायको माझ्याच वयाची असेल. तिनं पाटावर बसवलं, चहा टाकला. बोलत होती, हसत होती, पण तिचा एक कान पुढच्या खोलीकडे होता. मीही तेच करत होते. बोलता बोलता मी घर पाहून घेतलं. भिंतीवरच्या फळीवर मोठ्या भांड्यांच्या जागा दिसत होत्या, काळपट गोल डाग. भांडी मात्र फळीवर नव्हती. ती खाली, तरटात गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेली होती.

"कुठं निघालात का?" मी विचारलं.

"नाई हो. घराले चुना लावाचा हाय."

भिंती नुकत्याच चुना लावल्यासारख्या पांढऱ्या होत्या. हात टेकला तर हाताला लागेल अशा.

खिडकीशी एक डबा होता, दोऱ्याच्या रिळांचा. शेजारी अर्धवट शिवलेलं झबलं. बाजूच्या जमिनीवर चार ठिकाणी लोखंडाचा गंज उतरलेला, चौकोनात. आणि खाटेवरच्या दोन्ही उशांवर हिरव्या दोऱ्यानं पोपट काढलेले, चोचीला चोच लावून.

"शिवता का तुमी?"

"हाव. मशीन दुरुस्तीले गेली," ती म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

मी उठून उशी जवळून पाहिली. दोरा तोच, टाका तोच.

पुढच्या खोलीतून दलालाचा आवाज येत होता. मालकांनी सौदा बराबर करायचं म्हटलं असावं, कारण तो समजावत होता. "पिकाच्या आधी कोनी फळ तोडते का शेठ? थांबा, तुमच्या समोर अकोल्याचा भाव विचारतो." मग फोन उचलल्याचा आवाज आला आणि लगेच तो मोठ्यानं बोलायला लागला. हां, बोलो, सरकी क्या चल रही है, अच्छा, और तेज? बहुत अच्छा. फोन ठेवला. बैठकीतली माणसं खुशीनं हलली. "ऐकलं ना? होळीवरून अखजीवर ओढून टाका. मी स्वतः ओढून राह्यलो."

मालकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विचार करून सांगतो म्हणून उठले.

स्टँडवर एसटीला वेळ होता. आम्ही कडुनिंबाखाली उभे राहिलो आणि मी एकेक सांगितलं. बांधलेली भांडी. पांढऱ्या भिंती. पोपट.

"मशीन त्याच्या घरची हाय. ताईकडं हाय ती हीच," मी म्हणाले. "अन् मले एक सांगा, त्यानं फोन उचलला तवा आधी घंटी वाजली होती का?"

मालक आठवत राहिले. त्या काळी बाहेरगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगायचा, ताटकळत बसायचं, आणि मग घंटी वाजायची. मालकांना हे ठाऊक होतं. दुकानाच्या कामासाठी ते पोस्टात तासन्‌तास बसलेले होते.

"नाई वाजली," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजे साडभाऊनं स्वतःचा वाटा घेऊन टाकला. मशीन घेऊन. अन् आपल्याले याच्या गळ्यात बांधून राह्यले."

मलाही तसंच वाटत होतं.

मोताळ्याला उतरल्यावर मालक घरी आलेच नाहीत, तसेच ताईकडे वळले. दिवे लागायची वेळ होती. भाऊजी अंगणात रिकाम्या टोपल्या धूत होते. ताई चुलीशी होती. मालकांनी चप्पलही काढली नाही.

"आमी मलकापूरले जाऊन आलो. मशीन कोनाची हाय ते पाहून आलो. भाऊ, ही चोरी हाय."

भाऊजींनी हातातली टोपली खाली ठेवली. ती उपडी झाली, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मला वाटलं ते चिडतील, दोन शब्द बोलतील. ते ओट्यावर बसले.

"संक्रांतीच्या आधीच म्या त्याले सांगतलं होतं," ते म्हणाले. "सौदा बराबर कर म्हणून. भाव चांगला आल्ता. मले झोप लागत नव्हती. तो म्हणे आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी गेलो तं म्हणे अमुक ठिकाणचे पैसे येनार हायेत. मंग म्हणे ओढून टाका पुढं. म्या ऐकलं नाई तं त्यानं बायकोची मशीन काढून देली. म्हणे एवढी ठेवा अमानत, होळीले सारं चुकतं करतो. मले काय कळलं नाई तवा. घेऊन आलो."

"मंग आमाले काऊन नाई सांगतलं?"

"कोन्या तोंडानं सांगू? त्याच्याकडं तुमाले नेलं कोनी? म्याच ना."

"अन् भाव कमी सांगत होते ते?"

"जास्त सांगतला असता तं तुमी त्याच दिवशी मागाले गेले असते. अन् त्याच्यापाशी काही नाई, हे तुमाले दिसलं असतं. म्या म्हटलं होळीपर्यंत तरी निभून जाईन."

मालक उभेच होते. त्यांचा राग कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. मलाही कळेना. मी मनाशी जुळवलेलं सगळं बरोबर निघालं होतं, मशीन, भाव, थांबा म्हणणं. फक्त त्या सगळ्याच्या मागचा माणूस मी धरला होता तो नव्हता. तरी माझ्या मनात एक बारीक प्रश्न राहिलाच की भाऊजी हे सांगतात, पण पुरावा काय. दलालही गोडच बोलत होता.

ताई चुलीपासून उठून बाहेर आली. नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "म्या म्हटलं होतं सांगून टाका." मग माझ्याकडे वळली. "दाढ कशी हाय तुई?"

मग त्याच ओट्यावर आमचं बोलणं झालं, काय करायचं ते. भाऊजींचं मत होतं की ओढावं. "आता जोर लावला तं तो मोडीन. मोडला म्हंजे सारंच गेलं. ओढलं तं आशा तरी राह्यते. अन् भाव खोटा नाई. भाव खराच चढून राह्यला."

"भाव चढून काय कामाचा?" मालक म्हणाले. "देनारा तर तोच राह्यते ना. जेवढा भाव चढीन तेवढं त्याले जास्त द्या लागीन. आज नाई देता येत, तं अखजीले कुठून देईन?"

माझ्या डोक्यात हा प्रश्न एवढा सरळ आलाच नव्हता. मी भांडी, पोपट, घंटी यांत अडकले होते. मालकांनी मात्र धंद्यातली गोष्ट पकडली. भाव आपल्या बाजूनं आहे, म्हणूनच निघायचं.

"पैसे त्याच्यापाशी नाईत," मी म्हणाले. "भांडी बांधून ठेवली त्यानं."

"पैसे मागतच नाई. कापसाच्या जिनिंगच्या आवारात त्याची सरकी पडली असंन ना?"

"हाय," भाऊजी म्हणाले. "म्या पाह्यली."

"मंग फरकाच्या रकमेची सरकी मागू. मले तसंही दुकानाले लागते. अन् मशीन परत करून टाकू."

भाऊजी म्हणाले, मशीन आधी द्यायची नाही, हातातलं सोडायचं नाही. ताई म्हणाली, "त्या बाईची वस्तू हाय. तिनं नाई खाल्ली तुमची तेजी." ती परत चुलीकडे गेली आणि तो विषय तिथं संपला.

जायचं कुणी, यावर पुन्हा अडलं. भाऊजी म्हणाले मी एकटा जाऊन आणतो. मालक म्हणाले मी जातो. दोघंही एकमेकांकडे न पाहता बोलत होते. शेवटी दोघंही गेले. दोन बैलगाड्या घेऊन पहाटे निघाले. एका गाडीवर कडब्यात मशीन ठेवली होती.

तिथं काय झालं ते मला भाऊजींनी सांगितलं, कारण मालकांना सांगणं जमायचं नाही. बैठक भरलेली होती. मालक दारातूनच मोठ्या आवाजात म्हणाले, "शेठजी, पैसे नको, माल द्या. गाड्या बाहेर उभ्या हायेत." गादीवरची सगळी माणसं वळून पाहायला लागली. त्या माणसांसमोर नाही म्हणणं दलालाला परवडलं नाही. तो हसला. "घेऊन जा ना, माल काय कमी हाय?" म्हणाला, आणि त्यानं एक माणूस जिनिंगकडे धाडला. जी पोती मिळाली ती यायला हवी होती त्यापेक्षा कमी, आणि वरची कोरडी पण खालची ओलसर. मालकांनी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. ओलं लागलं तरी पोतं बाजूला काढलं नाही. भाऊजी भांडायला निघाले तर त्यांचा दंड धरून म्हणाले, भरा.

मशीन त्यांनी मागच्या दारी उतरवली. दलालाची बायको बाहेर आली. तिनं पदरानं मशीनवरचा कडबा झटकला आणि ती आत ओढून नेली.

ओल्या सरकीनं आमचं अंगण भरून गेलं. ती तापायला लागली होती. मी आणि गडी दिवसभर ती उलथत होतो, आणि तिचा तेलकट, उबट वास घरात, कपड्यांत, अंथरुणात भरला. काही सरकी वाया गेली.

होळी झाली आणि भाव चढतच राहिला. ज्यांनी ओढलं होतं ते बाजारात भेटले की मालकांकडे पाहून हसायचे. भाऊजीही एकदा म्हणालेच, "ओढलं असतं तं आज..." आणि थांबले. मालक त्या दिवसांत नीट जेवत नसत. मलाही वाटायला लागलं की खरंच चुना लावायचा असेल त्या बाईला. आधी एकीकडचा लावून झाला असेल आणि दुसरीकडचा राहिला असेल. फोनची घंटी मालकांनी ऐकली नसेल. बैठकीत माणसं बोलत असतात, कुणाचं लक्ष असतं?

अखजीला थोडे दिवस राहिले असताना भाऊजी मलकापूरहून आले ते टोपल्या न उतरवताच दुकानात शिरले. दलालाच्या बैठकीला कुलूप होतं. घर रिकामं. कुणी म्हणत होतं बऱ्हाणपूरकडे गेला, कुणी म्हणत होतं अकोल्याला भावाकडे. बाहेर माणसं उभी होती, पण करणार काय? कागद नव्हता, आणि ज्या धंद्यालाच परवानगी नाही त्याची फिर्याद घेऊन कचेरीत जायचं कुणी?

मला वाटलं आता तरी मन शांत होईल. तसं झालं नाही. आठ-दहा दिवसांत लोक आमच्याच दुकानात यायला लागले. सरकी घ्यायला नव्हे.

"तुमाले आधी कसं कळलं?" एक जण म्हणाला. तो मोताळ्याचाच, मालकांच्या ओळखीचा.

"कळलं नाई. शंका आली," मालक म्हणाले.

"शंका आली अन् माल भेटला? आमाले तं कवडी नाई भेटली. तुमालेच कसा भेटला?"

"मागतला म्हणून भेटला."

"अन् त्याच्या घरी मशीन कायले नेऊन देली? लोकायनं पाह्यली. कोन कोनाले मशीन देते?"

मालकांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो माणूस ऐकून घेत होता, आणि मला मागच्या खोलीतून त्याचा चेहरा दिसत होता. भाऊजी ओट्यावर बसून सांगत होते तेव्हा माझाही चेहरा तसाच असला पाहिजे. ऐकतो आहे, पटतही आहे, आणि तरी मनात दुसरीकडे मोजतो आहे. त्यानं शेवटी "असंन बाबा" म्हटलं आणि निघून गेला. त्या उन्हाळ्यात आमची काही गिऱ्हाइकं तुटली. पेरणीनंतर त्यातली थोडी परत आली. काही आलीच नाहीत.

अखजीला आम्ही दोघी बहिणी माहेरी गेलो. घाट चढून वर आलं की वारा बदलतो. पण त्या वर्षी मोटारीत ताई माझ्या शेजारी असूनही खिडकीकडे तोंड करून बसली होती. जानेफळला आईनं कुरडयांचा चीक शिजवायला घेतला होता. दोघींना गच्चीवर कुरडया घालायला बसवलं. सोऱ्या फिरवता फिरवता ताई म्हणाली,

"तुले माह्यावर संशय आला, हाव ना?"

"आला."

"मशीन पाह्यली तवा विचारलं काऊन नाई?"

"विचारलं होतं. तू शेजारनीची सांगतली."

"मंग दुसऱ्यांदा विचाराचं होतं," ती म्हणाली. "एकदा खोटं बोलते मानूस. दुसऱ्यांदा बहिणीशी बोलत नाई."

मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती खरं बोलली असती की आणखी एक शेजारीण उभी केली असती, हे कोण सांगणार? मी सोऱ्या पुन्हा भरायला घेतला. उन्हात चीक घट्ट व्हायला लागला होता आणि आई खालून ओरडत होती, हात उचला म्हणून.

आमच्या मालकांनी त्यानंतर कधी तेजी लावली नाही. भाऊजींनी लावली की नाही ते मला माहीत नाही, आणि ताईनं कधी सांगितलं नाही. मात्र त्या दोघांत एक नवीनच रीत पडली. मलकापूरला कुणाही एकाचं काम निघालं की दुसरा बरोबर जायचा. भाऊजींच्या टोपल्या असोत की मालकांची ढेप, दोघंही त्याच एसटीनं जायचे, त्याच एसटीनं यायचे, आणि भाव सांगताना एकानं सांगितला की दुसरा मान हलवायचा. बाजारातले लोक कौतुक करायचे, साडभाऊ असावेत तर असे. ताई आणि मी ते ऐकायचो. एकमेकाला एकट्यानं जाऊ द्यायला दोघंही तयार नसत, एवढं फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.